मदत हवी आहे: कराड भागात ए.ए.ची मीटिंग किंवा दारू सोडलेल्यांचा गट

नमस्कार मंडळी,

आज दारू सोडून 75 दिवस झाले. त्यातले 35 दिवस पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काढले, बाकीचे घरी. वय 43, तासवडे एमआयडीसीत लेथ मशीनवर असतो. कराड, मलकापूर, ओगलेवाडी भागात कुठे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (ए.ए., म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंग भरत असेल, तर कृपया सांगा. साताऱ्यापर्यंतही यायची तयारी आहे. दर आठवड्याला पुणं मात्र पगारात बसत नाही.

घाई का, ते सांगतो. केंद्रातून सुटलो ते गटारीच्या दोन दिवस आधी. ती रात्र दाराला आतून कडी लावून, फोन बायकोकडे देऊन काढली. मग श्रावण लागला आणि सगळं सोपं झालं. गल्लीतले, शॉपमधले पिणारे सगळेच पाळणारे. "बसायचं का?" असं कोणी विचारलंच नाही. विचारलं तरी "श्रावण आहे" म्हटलं की विषय संपायचा. पुढे गणपती आले. घरात गणपती असताना आमच्याकडे कोणी पीत नाही. पण काल गौरी गेल्या आणि सहा दिवसांवर अनंत चतुर्दशी आली. त्या रात्री मंडळाच्या ट्रॅक्टरमागे काय चालतं ते मला पाठ आहे, वीस वर्षं त्यात मीच पुढे असायचो. दुसऱ्या दिवसापासून सांगायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही.

खरं तर याच श्रावणानं मला इतकी वर्षं फसवलं. दरवर्षी महिना पाळायचो आणि आईला, बायकोला ऐकवायचो, "बघा, मनात आणलं तर सोडतो की नाही? मी काय दारुडा आहे?" त्यांनाही ते पटायचं. पुन्हा कधी घ्यायची ते ठरवूनच मी थांबत होतो, हे केंद्रात एका जुन्या पेशंटचं शेअरिंग, म्हणजे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलेला स्वतःचा अनुभव, ऐकताना लक्षात आलं. त्या दिवशी खूप रडलो.

पूर्वी सकाळी बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर हातात घेतला की त्याच्या थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या भागावर, बोटं थरथरायची. एकच जॉब (लेथवर केलेला भाग) तीनदा मोजला की तीन मापं. जेवणाच्या सुट्टीत क्वार्टर पोटात गेली की हात स्थिर व्हायचे. आता पहिल्याच मापाला जॉब पास होतो. एवढी एक गोष्ट मला गमवायची नाही.

गेल्या वर्षी कुणाला न विचारता घरीच एकदम बंद केली होती. दुसऱ्या रात्री फिट आली, जीभ चावली गेली. ज्यांची रोजची आहे त्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अचानक बंद करू नका, हात जोडून सांगतो.

प्रश्न तीनच. फी किती असते? गाव लहान आहे, तिथं ओळखीचं कोणी भेटलं तर? आणि पहिल्या दिवशी बायकोला सोबत आणता येईल का? भाजीत मिसळायच्या पावडरी कृपया सुचवू नका. बायकोनं दोनदा चोरून घालून बघितल्या, घरात भांडणं तेवढी वाढली.

प्रतिसाद, "आजचा दिवस":

भाऊ, मी ए.ए.त आहे, पुढच्या महिन्यात 11 वर्षं होतील. फी नाही, नोंदणी नाही. चहापाण्याचा, खोलीच्या भाड्याचा खर्च जमलेले आपसात भागवतात, तुम्ही काही टाकलं नाही तरी कोणी विचारत नाही. दारू थांबवायची इच्छा हवी, एवढीच अट. ओळखीचा भेटलाच, तर तोही तुमच्यासारखाच आलेला असतो. मला पहिल्याच मीटिंगला माझ्या मुलाचे शिक्षक दिसले होते. मान खाली घालून बसलो, तर त्यांनीच शेजारची खुर्ची ओढून दिली.

मीटिंग ओपन आहे का तेवढं आधी विचारा. ओपनला वहिनी येऊ शकतात, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, 1951 पासून चालू आहे. वहिनींना त्याबद्दल जरूर सांगा, त्यांनीही खूप सोसलेलं असतं.

शोधायचं कसं? सरकारी हेल्पलाइन 14446 मोफत आहे, जवळ काय सोय आहे ते तिथं विचारा. केंद्रातल्या समुपदेशकांना आजच फोन करून कराडकडचे जुने पेशंट कोण, तेही विचारा. येरवड्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही भरतात. तोवर रात्री ऑनलाइन मीटिंगला बसा, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. आणि कराडात काहीच नसलं तर दुसरा एक माणूस शोधा. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात ए.ए. सुरू झालं तेव्हा दोघंच होते, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. साताऱ्यातल्या एका मित्राशी बोलून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

पुन्हा मी:

व्यनि मिळाला, खूप आभार. त्यांच्याशी फोनवर बोललो. "विसर्जनाच्या संध्याकाळी माझ्याकडेच या, घरी पिठलं-भाकरी करू," म्हणाले. सुपरवायझरकडे त्या दिवसाची रजा आणि पुढचा महिनाभर फर्स्ट शिफ्ट मागितली आहे, रजा मिळाली, शिफ्टचं उद्या कळेल. घरचा गणपती सकाळीच कृष्णेवर पोचवून दुपारच्या एसटीनं दोघं निघतोय. कराडातलं कोणी सोबत येणार असेल तर इथं लिहा किंवा व्यनि करा, स्टँडवर थांबतो.