एकाच मालवणी मसाल्याची चार पेजेस, गूगलने दंड केलाय का?

लालबागची_मसालेवाली

नमस्कार मंडळी. लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. मार्च ते मे कांडपाला रांग असते, पाऊस लागला की गिऱ्हाईक रोडावतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. ज्यांनी करून दिली त्यांनी मालवणी मसाल्याची चार पेजेस केली: १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, अर्धा किलो, एक किलो. मजकूर चारही ठिकाणी शब्दन्‌शब्द तोच. शिवाय 'मालवणी मसाला परळ', 'मालवणी मसाला ठाणे', 'मालवणी मसाला बोरिवली' अशी २२ पेजेस, त्यात फक्त जागेचं नाव बदललेलं.

आता सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच साधन) बघते तर बरीच पेजेस 'डुप्लिकेट' म्हणून बाहेर काढलेली दिसतात, काहींवर 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' लिहिलंय, म्हणजे गूगलने वाचली पण शोधाच्या यादीत घेतली नाहीत. आमच्या मसाल्याचं नाव घालून शोधलं तर एका मोठ्या विक्री साइटवरचं आमचंच पाकीट वर येतं, आमची साइट खाली कुठेतरी. साइट करून देणारे म्हणतात, आणखी ५० जागांची पेजेस घाला. मला ते पटत नाही. काय करू?

वेबवाला_ठाणे

ही पेनल्टी आहे, पांडा अपडेटवाली (गूगलने निकालांच्या क्रमवारीत केलेला बदल). डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, बदला आणि नव्याने सुरू करा.

गिरगावकर

ताई, कृपा करून डोमेन बदलू नका. दोन वर्षांत जे काही कमावलंय तेही जाईल.

मी बारा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. एकच मजकूर चार पेजेसवर आहे म्हणून गूगल दंड करत नाही. हे त्यांनी २००८ मध्येच जाहीर सांगितलंय. सारखी दिसणारी पेजेस ते एका गटात टाकतात, त्यातलं एक निवडतात आणि निकालात तेच दाखवतात. तोटा असा की कुठलं निवडायचं ते त्यांच्या हातात जातं, आणि कुणी १०० ग्रॅमची, कुणी किलोची लिंक पाठवली की त्या लिंक्समुळे गूगलच्या लेखी मिळणारं महत्त्व चार जागी वाटलं जातं. पांडा फेब्रुवारी २०११ मध्ये आलं ते उथळ, भरताड मजकुराच्या साइट्ससाठी. चार वजनांची चार पेजेस हा त्यातला गुन्हा नव्हे.

चारांपैकी ज्याला जास्त क्लिक आणि लिंक्स आहेत ते पेज ठेवा, वजन तिथेच निवडता येऊ दे. बाकी तिघांवरून त्या पेजवर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप त्या पेजवर जातो. होमपेजवर पाठवू नका, माणूस मसाला शोधत आलेला असतो. काही कारणाने वेगळी पेजेस ठेवावीच लागली तर कॅनॉनिकल टॅग आहे, म्हणजे सारख्या पेजेसपैकी मुख्य कुठलं ते गूगलला सांगणारी पेजच्या कोडमधली ओळ. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून तो २००९ मध्ये आणला. पण ती सूचना आहे, हुकूम नाही. साइटमॅपमध्ये (गूगलला द्यायची पेजेसची यादी) आणि मेन्यूत एक पत्ता आणि टॅगमध्ये दुसरा असेल तर गूगल तुमचं ऐकेलच असं नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. एका कापड दुकानाची डुप्लिकेट पेजेस मी रोबॉट्स फाइलमधून (कुठली पेजेस वाचू नयेत ते गूगलला सांगणारी फाइल) अडवली. पेजच वाचता येईना म्हटल्यावर त्यावरचा कॅनॉनिकल टॅग गूगलला दिसणार कसा? कित्येक महिने ती पेजेस वर्णनाशिवाय निकालात लटकत राहिली. दुकानदाराचा दिवाळीचा हंगाम त्यात गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ती २२ पेजेस. खरी भीती मला त्यांची वाटते. गावाचं नाव बदलून सगळ्यांना एकाच ठिकाणी आणणारी पेजेस गूगलच्या स्पॅम नियमांत 'डोअरवे' म्हणून नावानिशी लिहिलेली आहेत. ५० आणखी घालणं सोडाच, आहेत तीच काढा. कुठे खरोखर दुकान असेल तर तेवढं एक ठेवा, त्यावर तिथला पत्ता, वेळ, फोटो घाला.

विक्री साइटवर तुम्ही तुमचाच मजकूर दिलाय ना? तिथे तुमचा कॅनॉनिकल टॅग चालणार नाही. तिथे चार ओळी ठेवा आणि घसघशीत मजकूर स्वतःच्या साइटवर लिहा. तोही कुठून उचलू नका, तुम्ही जे रोज हाताने करता ते लिहा.

लालबागची_मसालेवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. २२ पेजेस काढली. दादरला आमचं काउंटर खरंच आहे, तेवढं ठेवलं. तपासताना कळलं की साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही पत्त्यांवर उघडत होती, म्हणजे सगळं पुन्हा दुप्पट! तेही एका पत्त्यावर आणलं.

मजकूर सासूबाईंबरोबर बसून लिहिला. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. धणे मंद आचेवर निवांत भाजायचे, खसखस मात्र शेवटी आणि वेगळी, कारण ती हां हां म्हणता करपते. दगडफूल आधी निवडायचं, त्यात काडीकचरा फार. मिरची हातात मोडली की कडकन आवाज यायला हवा, नाहीतर कांडपात मसाला ओलसर होऊन वर्षभर टिकत नाही. इतकी वर्षं हे आमच्या साइटवर कुठेच नव्हतं, याचंच आश्चर्य वाटलं.

काल सर्च कन्सोलमध्ये पेजचा यूआरएल, म्हणजे पत्ता, तपासून पाहिला. गूगलने निवडलेला पत्ता आणि आमचा पत्ता एकच दिसतोय.

एक शंका राहिली. अर्ध्या किलोच्या पाकिटांवर जुन्या पेजचा क्यूआर कोड छापलेला आहे, तीन हजार पाकिटं पडून आहेत. ती वाया जाणार का?

गिरगावकर

अजिबात नाही. क्यूआर जुन्याच पत्त्यावर नेईल, तिथून ३०१ त्या माणसाला नव्या पेजवर आणेल. गूगल किमान वर्षभर रीडायरेक्ट ठेवा म्हणतं, तुम्ही मात्र काढूच नका. तुमचा मसाला वर्षभर टिकतो, पाकीट कुणाच्या फडताळात किती दिवस असेल सांगता येत नाही. होस्टिंग बदलाल तेव्हा ही रीडायरेक्टची यादी सोबत न्यायची, एवढं एका वहीत लिहून ठेवा.