मदत हवी आहे: शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम निवडायचाय, संस्थेला नेमकं काय विचारू?

नमस्कार मंडळी,

मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी एक काम गळ्यात मारलंय. शाळेकडे तीन संस्था आल्यात, तिघींनाही आमच्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचंय. त्यातली एक निवडून मला पुढच्या महिन्यात समितीपुढे मांडायची आहे.

पहिलीची सुट्टीत पाच दिवसांची निवासी कार्यशाळा, शिवाय साहित्याची पेटी. दुसरी प्रत्येक मुलाला टॅब देणार, त्यातलं अ‍ॅप मुलाची पातळी आपोआप ओळखतं म्हणे. तिसरीचं प्रशिक्षण दोनच दिवसांचं, पण वर्षभर महिन्यातून एकदा त्यांचा माणूस वर्गात येऊन बसणार. सादरीकरण तिसरीचं सगळ्यात रटाळ होतं, आणि वर्गात कुणी येऊन बसणार हे ऐकल्यावर स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती काय सांगू! सगळ्यांचा कल पहिलीकडे आहे.

माझी पंचाईत अशी की या वाटेने आम्ही एकदा जाऊन आलोय. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने (नाव घेत नाही) तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. छान झाली, खरंच. गट पाडले, चार्ट रंगवले, शेवटी अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्कृष्ट'पुढे खूण केली. मीही केली. सोमवारी वर्गात उभी राहिले तेव्हा समोर अडतीस मुलं आणि परीक्षेआधी संपवायचे चार धडे. साहित्याची पेटी अजून कपाटात आहे. अक्षरकार्डांचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नाही.

आणि ही गेल्या आठवड्यातली गोष्ट. एका मुलीला धडा वाचायला उभं केलं. घडाघडा वाचत होती. जवळ गेले तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या! दुसऱ्याच पुस्तकातलं पान समोर धरलं. 'घर' वाचलं, 'घराजवळ'ला अडली, आणि पुढचं माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. बाकीच्यांचं ऐकून ऐकून धडा पाठ झाला होता तिचा. पहिलीपासून आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी 'समाधानकारक'.

तर, अशा मुलीला खरोखर उपयोग होईल असा कार्यक्रम ओळखायचा कसा? आणि वर्षाअखेरीस उपयोग झाला की नाही हे कळणार कशावरून? कुणी हे काम जवळून केलं असेल तर सांगा प्लीज.

खडूफळा:
ताई, मी काही वर्षं तुमच्या त्या 'वर्गात येऊन बसणाऱ्या माणसा'चं काम केलंय, तेव्हा माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तरी एक अभ्यास सांगतो. दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षं हीच तुलना केली गेली. ५० शाळांतल्या शिक्षकांना निवासी प्रशिक्षण, दुसऱ्या ५० शाळांत मार्गदर्शक नियमित वर्गात येणार. पाठांचं नियोजन आणि वाचनसाहित्य दोन्हीकडे तेच. मुलांच्या वाचनातली सुधारणा मार्गदर्शक आलेल्या शाळांत साधारण दुप्पट निघाली. खर्च जास्त होता, पण पैशाच्या मानानेही तोच पर्याय सरस ठरला.

संस्थेला माझ्या मते एकच प्रश्न विचारा: जो माणूस येणार तो आमच्याच मुलांना, आमच्यासमोर एक तास शिकवून दाखवेल का? 'आम्ही फक्त निरीक्षण करतो' असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

आकडेमोड:
टॅबबद्दल. पेरूमध्ये सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले होते. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचा संगणकाचा वापर भरपूर वाढला, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. पातळी ओळखून सराव देणारं चांगलं अ‍ॅप ही वेगळी गोष्ट आहे, सगळंच टाकाऊ म्हणत नाही. पण ते कोणत्या तासाला, कुणाच्या देखरेखीखाली वापरायचं हे ठरलेलं नसेल तर त्या टॅबची गत तुमच्या पेटीसारखीच.

मोजमापासाठी लेखी परीक्षा नको, ती मुलगी त्यात निसटते हे तुम्ही पाहिलंच. 'असर'च्या पाहणीत (मुलांना वाचता येतं का हे गावोगावी घरी जाऊन तपासतात ती) २००५ पासून वापरतात तशी साधी चाचणी घ्या: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांना ऐकू येणार नाही अशा जागी. एकेकाला तीन-चार मिनिटं पुरतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी घ्या, नाहीतर वर्षाअखेरीस तुलना कशाशी करणार? आणि चाचणी संस्थेच्या माणसांना घेऊ देऊ नका. स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं होतं ते.

पाचवा_तास:
मी जरा उलट बोलते. आमच्याकडे असाच 'मार्गदर्शक' यायचा. मागच्या बाकावर बसून पंचवीस रकाने भरायचा आणि कागद थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर. तो यायच्या दिवशी आम्ही सगळे एक ठेवणीतला पाठ शिकवायचो. मुलांनाही माहीत होतं, आधीच हात वर करून बसायची बिचारी! नोंदी कुणाकडे जाणार हे आधी लिहून घ्या. बाईंच्याकडेच राहणार असतील तरच ती मदत, नाहीतर ती तपासणी.

खडूफळा:
शंभर टक्के मान्य. मीही सुरुवातीला ते रकाने भरलेत.

आणि ताई, त्या मुलीसाठी. 'प्रथम' संस्थेने २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी (वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी) ठेवून मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवलं, त्याचा फायदा दिसला. पुढे हेच सरकारी शाळांत करताना गाडी अडली. बिहारमध्ये नुसतं साहित्य दिलं, काही झालं नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं तरी ते परत नेहमीचाच पाठ घ्यायला लागले, कारण पाठ्यपुस्तक संपवायचं असतं. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवली, आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः १५-२० दिवस शाळेत जाऊन शिकवलं. तिथे भाषेत फरक पडला. म्हणून समितीकडे संस्थेच्या आधी तो तास मागा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, विशेषतः पाचवा_तास यांचे. तो रकान्यांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

या चार दिवसांत व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून अडतीसच्या अडतीस मुलांची चाचणी घेतली. गोष्ट चौदा जणांना वाचता आली. परिच्छेदापर्यंत दहा. राहिलेले चौदा शब्दांवर किंवा त्याच्याही मागे, आणि त्यातली पाच नावं मी शपथेवर 'हुशार' म्हणून सांगितली असती. निकाल स्टाफरूममध्ये ठेवला तेव्हा तिसरीच्या बाई म्हणाल्या, माझ्याही वर्गाची घेऊन बघते.

तिसऱ्या संस्थेला फोन करून शिकवून दाखवायचं विचारलं. तयार आहेत, गुरुवारी येतायत. नोंदी मुख्याध्यापकांकडे न देण्याबद्दल मात्र 'विचारून सांगतो' म्हणाले, त्याचा पिच्छा पुरवते.

आता तासाचा प्रश्न. वेळापत्रक घेऊन बसले तर जो तो म्हणतो चित्रकला किंवा खेळाचा तास घ्या. तो मला घ्यायचा नाहीये, शब्दांवर अडलेल्या पोरांना शाळेत तेवढंच तर आवडतं. कुणी भाषेच्याच तासांतून वेळ काढलाय का? अभ्यासक्रम कसा सांभाळलात?