प्रति: रंगांधळेपणा आणि मैदान
वर कुणीतरी 'रंगांधळ्यांनी फुटबॉल सोडून कॅरम खेळावा' असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. (कॅरमची राणी तरी कुठल्या रंगाची असते हो?) मॅथ्यू वेड रंगांधळा असूनही ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक झाला, गुलाबी चेंडू दिसायला त्रास होतो, हे त्याने उघड सांगितलं. आपल्या मुंबईच्या कांगा लीगमध्ये, म्हणजे पावसाळ्यातल्या क्रिकेट स्पर्धेत, पावसात वाढलेल्या गवतात लाल चेंडू शोधायचा म्हणजे लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्या क्षेत्ररक्षकाची परीक्षाच. तिथे आपला इलाज नाही. पण फुटबॉलच्या सरावाला लाल-हिरव्या बिब्ज (संघ ओळखायला शर्टावर घालायच्या बंड्या) कशाला? एका संघाला गडद निळ्या, दुसऱ्याला पांढऱ्या द्या. शंका असेल तर मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा. दोन्ही सारख्याच राखाडी दिसल्या तर बदला. आणि कोचसाहेब, 'लालवाल्याला पास दे' ऐवजी पोराचं नाव घेऊन ओरडा की!