सल्ला हवा: ‘द फ्लॅश’ची निरोपाची फेरी, साधारण 40 तासांत

सेंट्रल_सिटीकर
‘द फ्लॅश’ ही अतिवेगाने धावणाऱ्या सुपरहीरोची अमेरिकी मालिका 7 ऑक्टोबर 2014 ला सुरू झाली आणि 24 मे 2023 ला संपली. नऊ सीझन, 184 भाग. शेवट एकदा पाहून झालाय, पण निरोप नीट घेतल्यासारखं वाटत नाही. पुन्हा पाहायची आहे, फक्त सगळी नाही: एक भाग सरासरी 42 मिनिटांचा धरला तर एकूण 129 तास होतात. हाताशी तीन आठवडे आहेत, रोज तीन भाग. कुठले भाग घ्यावेत? ‘अ‍ॅरो’ आणि ‘सुपरगर्ल’ पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे क्रॉसओव्हरमध्ये (एकच कथा अनेक मालिकांत वाटलेली असते तिथे) नेहमी गोंधळ होतो. जाणकारांनी क्रम सांगावा.

पिवळी_वीज
खलनायकांच्या मागे लागून यादी केलीत तर ती शंभर भागांवर जाईल आणि हाती काही लागणार नाही. या मालिकेला एकच मध्य आहे: 18 मार्च 2000 ची रात्र, नायक बॅरीची (म्हणजे फ्लॅशची) आई नोरा अ‍ॅलनचा खून झाला ती. बॅरी त्या रात्रीकडे किती वेळा आणि कुठल्या मनःस्थितीत परत जातो, तो धागा धरा.

पहिला सीझन अख्खा पाहा. 23 भागांतला एकही गाळू नका. बॅरीचा गुरू वेल्स याचं रहस्य ज्या बेताने उलगडतं तो बेत या मालिकेला पुढे कधीच तितका जमला नाही. तेविसाव्या भागात बॅरी त्या रात्री पोहोचतो, दाराआडून त्याचंच मोठं रूप त्याला हाताने थांबवतं, आणि तो थांबतो. आईजवळ बसतो, तिला निरोप देतो. टॉम कॅव्हनॉच्या वेल्सवर फार लिहिलं जातं, पण त्या पाच मिनिटांत बॅरी झालेल्या ग्रँट गस्टिनने जे केलंय त्यावर पुढची आठ वर्षं उभी आहेत.

दुसऱ्या सीझनमधले 20 ते 23 एवढे चारच घ्या. मात्र एकविसावा, ‘द रनअवे डायनोसॉर’, काही झालं तरी गाळू नका. केव्हिन स्मिथने दिग्दर्शित केलेल्या या भागात बॅरी स्पीड फोर्सच्या (त्याला वेग देणाऱ्या शक्तीच्या) आत आईच्या रूपासमोर बसून तिचं जाणं स्वीकारतो. आणि दोनच भागांनंतर, वडील गेल्यावर, तो त्याच रात्री जाऊन तिला वाचवतो. एकविसावा न पाहता तेविसावा पाहिला तर बॅरी नुसता उतावळा वाटतो. दोन्ही लागोपाठ पाहिले की समजतं, स्वीकारलेलं दुःख नव्या दुःखाखाली कसं पुन्हा फुटतं.

तिसऱ्यातला पहिला, ‘फ्लॅशपॉइंट’, हा त्या निर्णयाचा हिशेब. मग थेट 20 ते 23. त्या सीझनचा खलनायक साविटार कोण हे विसाव्याच्या शेवटी कळतं. चौथ्यातला फक्त पंधरावा, ‘एंटर फ्लॅशटाइम’: अणुबॉम्ब फुटतो त्या एका क्षणात जवळजवळ सगळा भाग घडतो. आईच्या धाग्याशी त्याचा संबंध नाही, पण वेग म्हणजे एकटेपणही असतं हे दुसऱ्या कुठल्याच भागाने इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही. पाचव्यातले आठवा आणि बाविसावा. आठवा हा मालिकेचा शंभरावा भाग. बॅरी मुलीला घेऊन जुन्या सीझनांमधून फिरतो, त्यामुळे उजळणी आपोआप होते.

क्रमवार
भागांची निवड उत्तम. क्रॉसओव्हरचं मी सांगतो, कारण चूक बहुतेक तिथेच होते.

चूक होते ती ऑटोप्लेमुळे. प्लॅटफॉर्मवर प्रत्येक मालिका वेगळी असते. ‘फ्लॅश’चा एक भाग संपला की ‘फ्लॅश’चाच पुढचा लागतो आणि कथा मधल्यामध्ये तुटते. सहाव्या सीझनच्या नवव्या भागात जगं नष्ट झालेली असतात, सात जण काळाबाहेर अडकलेले असतात. ऑटोप्लेवर लगेच दहावा लागतो, आणि तिथे सगळं जग जागेवर! मधले दोन भाग ‘अ‍ॅरो’ आणि ‘लेजंड्स ऑफ टुमारो’ यांत आहेत. म्हणून आधी ऑटोप्ले बंद करा.

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या क्रॉसओव्हरचा क्रम असा: सुपरगर्ल सीझन 5 भाग 9, बॅटवुमन सीझन 1 भाग 9, फ्लॅश सीझन 6 भाग 9, अ‍ॅरो सीझन 8 भाग 8, आणि शेवटी लेजंड्सचा विशेष भाग. हा पाचवा नेमका हरवतो. काही याद्यांत तो पाचव्या सीझनच्या सुरुवातीला असतो, काहींत ‘विशेष’ म्हणून वेगळा टाकलेला असतो. क्रमांक पाहू नका, नावात ‘पार्ट फाइव्ह’ शोधा.

त्याआधी ‘एल्सवर्ल्ड्स’ या क्रॉसओव्हरचे तीन भाग हवेतच (आकडे सीझन/भाग असे): फ्लॅश 5/9, अ‍ॅरो 7/9, सुपरगर्ल 4/9. बॅरी आणि ऑलिव्हर (अ‍ॅरो) यांची आयुष्यं अदलाबदल होतात ती गंमत आहेच, पण तिसऱ्या भागात बॅरी आणि कारा (सुपरगर्ल) यांना वाचवण्यासाठी ऑलिव्हर मॉनिटर या विश्वांवर नजर ठेवणाऱ्या शक्तिमान पात्राशी जो सौदा करतो त्याची किंमत ‘क्रायसिस’मध्ये चुकवली जाते. तो सौदा माहीत नसेल तर ऑलिव्हरचं तिथलं वागणं अधांतरी वाटतं. जमलं तर अ‍ॅरोच्या सातव्या सीझनच्या शेवटच्या भागातली अखेरची दहा मिनिटंही पाहा. मॉनिटर वसुलीला येतो ते दृश्य तिथे आहे.

‘फ्लॅश’ 6/1 सोडू नका. बॅरीला मरावं लागणार हे मॉनिटर तिथे सांगतो.

सुरुवातीलाही एक भर घाला: अ‍ॅरो सीझन 2, भाग 8 आणि 9. बॅरी अ‍ॅलन पहिल्यांदा दिसतो तो तिथे, आणि त्याच्यावर वीज पडते तीही नवव्याच्या शेवटी. ‘अ‍ॅरो’ पाहिलेली नसली तरी अडत नाही.

सेंट्रल_सिटीकर
फार उपयोगी. दोन शंका. ‘अर्थ-एक्स’ हा क्रॉसओव्हर गाळला तर चालेल? आणि सातव्या सीझनचं काय करायचं?

क्रमवार
‘अर्थ-एक्स’ या फेरीत गाळा. चारही भाग सुरेख आहेत, पण आईच्या धाग्यात त्यांचं काम नाही. कधी पाहिलंत तर ‘फ्लॅश’ 4/8 पासून सुरू करू नका, तो तिसरा भाग आहे. आधी सुपरगर्ल 3/8 आणि अ‍ॅरो 6/8, मग फ्लॅश, शेवटी लेजंड्स 3/8.

स्टार_लॅब्स_कोठार
सातव्याबद्दल: त्याचे पहिले तीन भाग खरं तर सहाव्याचा शेवट आहेत. 2020 मध्ये कोविडमुळे चित्रीकरण थांबलं आणि सहावा सीझन एकोणिसाव्या भागावर तुटला. बॅरीची बायको आयरिस आरशात अडकते ती कथा सहाव्याच्या दहाव्या भागापासून सुरू होऊन सातव्याच्या तिसऱ्यात संपते, म्हणजे एकूण 13 भाग. घ्यायची तर सगळी घ्या. नुसते शेवटचे तीन पाहिले तर त्या कथेतली खलनायिका इव्हा मॅकलॉक इतकी का चिडली आहे तेच समजणार नाही. 40 तासांत ती बसत नाही, सोडा.

बॅरीचा मित्र सिस्को याला निरोप द्यायचा असेल तर 7/12 तेवढा ठेवा. कार्लोस व्हाल्डेस तिथे मालिका सोडतो आणि ते जाणं संयमाने लिहिलंय. आठव्यातले पहिले पाच, ‘आर्मगेडन’, हवेतच. थॉन (नोराचा खुनी) आणि बॅरी यांच्या वैराचा सगळ्यात नेटका हिशेब तिथे आहे.

पिवळी_वीज
नवव्यातले 9 ते 13. सीझनच 13 भागांचा आहे. पहिले पाच रेड डेथ या शत्रूचे, ते गाळता येतात. नवव्या भागात स्टीव्हन अ‍ॅमेल ऑलिव्हर म्हणून परत येतो, आणि ‘क्रायसिस’ ताजं असताना तो भाग दुप्पट लागतो. 10 ते 13 हा चार भागांचा शेवट. त्यात घाई आहे, हे या मालिकेवरच्या प्रेमापोटीच सांगतो. पहिल्या सीझनमधल्या एडी थॉनच्या (खुनी थॉन वेगळा) परतण्याला निदान सहा भाग मिळायला हवे होते.

स्टार_लॅब्स_कोठार
हिशेब जुळतोय का पाहा. अ‍ॅरोचे 2, पहिल्या सीझनचे 23, दुसऱ्याचे 4, तिसऱ्याचे 5, चौथ्याचा 1, पाचव्याचे 2, एल्सवर्ल्ड्स 3, सहाव्याचा पहिला 1, क्रायसिस 5, सिस्कोचा 1, आर्मगेडन 5, नवव्याचे 5. एकूण 57 भाग, म्हणजे चाळीस तासांना काही मिनिटं कमी. रोज तीन धरले तर बरोबर 19 दिवस. पाचव्या सीझनचे दोन भाग मात्र सलग नको: 5/8, मग एल्सवर्ल्ड्स, मग 5/22.

पाहताना भविष्यातल्या वर्तमानपत्राच्या मथळ्याकडे लक्ष असू द्या. पहिल्या भागात ‘फ्लॅश बेपत्ता’ या बातमीवर 25 एप्रिल 2024 ही तारीख आहे. 5/22 च्या शेवटी ती सरकून 10 डिसेंबर 2019 होते. ‘क्रायसिस’चा तिसरा भाग अमेरिकेत त्याच तारखेला दाखवला गेला. तिथे जीव देणारा फ्लॅश म्हणजे 1990 च्या जुन्या मालिकेतला, जॉन वेस्ली शिप. या मालिकेत बॅरीचे वडील तोच करतो. पहिल्या सीझनमधली तुरुंगातल्या काचेपलीकडची त्याची भेट मनात ताजी असेल तर हे दृश्य पाहणं सोपं नाही.

नवखी_धावपटू
मध्येच विचारते. हे सगळं झाल्यावर पुढे काय पाहावं? गृहपाठ न लागणारं काही आहे का?

क्रमवार
‘सुपरमॅन अँड लोइस’. 2021 ते 2024, चार सीझन, 53 भाग. दुसऱ्या सीझनच्या शेवटी स्पष्ट होतं की हे वेगळंच विश्व आहे, म्हणून आधीचं काहीच लागत नाही. तिसऱ्या सीझनपासून सुपरमॅनचा मुलगा जोनाथन याचा नट बदलतो, तेवढं ध्यानात ठेवा. शेवटचा सीझन दहाच भागांचा आहे, तरी शेवट पुरता झालेला आहे. ‘लेजंड्स’बद्दल मात्र आधीच सांगतो: 110 भागांनंतर ती रद्द झाली आणि अख्खा चमू अटकेत असतानाच थांबली. ते चालणार असेल तरच सुरू करा, आणि पहिल्या सीझनऐवजी दुसऱ्यापासून.

सेंट्रल_सिटीकर
57 ची यादी लिहून घेतली. शेवटच्या दिवसाचे तीन भाग कसे लावू? यादीप्रमाणे 9/11, 12, 13 उरतात.

पिवळी_वीज
त्या दिवशी चार पाहा. आधी पहिल्या सीझनचा तेविसावा पुन्हा लावा, निदान त्या रात्रीचं दृश्य. 9/10 आदल्या दिवशीचा, म्हणून त्याचीही शेवटची पंधरा मिनिटं. दहाव्यात बॅरी 2000 सालात, त्याच घरात, नोरा आणि वडील हेन्री यांच्यासोबत असतो. 1/23 मध्ये दाराशी थांबलेला मुलगा आणि 9/10 मध्ये त्या घरात वावरणारा माणूस, दोघांचे चेहरे एकापाठोपाठ दिसू देत. मग उरलेले तीन.