मदत हवी आहे: स्वयंसेवक निवासाच्या निधीचं गणित

आम्ही विद्यार्थी एका संस्थेसाठी स्वयंसेवक निवासाच्या निधी उभारणीचा आराखडा करतोय. बांधकाम, खाटा, गाद्यांचा एकरकमी खर्च वेगळा मांडलाय, वर १०% आकस्मिक तरतूद. निम्मी रक्कम मोठ्या देणगीदारांकडून पक्की झाल्यावरच जाहीर आवाहन करायचं, हेही ठरलंय.

घोडं अडलंय चालू खर्चापाशी. देणगीदाराच्या नावाची पाटी लागणाऱ्या खोलीला देणगी मिळते, वीजबिलाला आणि टाकीच्या सफाईला कोण देणार? १२ खाटा, ६०% भरलेल्या धरल्या तर वर्षाला २६२८ मुक्काम (एका माणसाची एक रात्र म्हणजे एक मुक्काम). स्थिर खर्च त्यावर भागून दर मुक्कामाचा आकडा काढलाय. पण सुट्टीत गर्दी, एरवी शुकशुकाट. मग ६०% धरावेत की ४०%? डागडुजीचा राखीव निधी खोलीच्या देणगीतच धरावा की वेगळा मागावा? अनुभवी मंडळींनी सांगावं.