गुप्तचर विभागातील दिवंगत अधिकाऱ्याच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती व मदत : इंदुरातून सल्ला हवा आहे

भाचीचा_मामा (सुदामा नगर, इंदूर)
नमस्कार मंडळी. माझे मेहुणे इंटेलिजन्स ब्युरोमध्ये (आयबी) होते. गेल्या वर्षी सरकारी कामावर असताना वाहन अपघातात त्यांचे निधन झाले. कोठे आणि कोणत्या कामावर, हे मी लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये. ताई एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. भाची सीबीएसई बारावीत आहे आणि भाचा सातवीत. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालेले आहे. भाचीच्या पदवीसाठी वर्षाला ऐंशी हजारांपेक्षा अधिक खर्च आम्हांला झेपणार नाही आणि आईला सोडून इंदुराबाहेर जायला ती तयार नाही. अशा कुटुंबांसाठी कोणत्या शिष्यवृत्त्या किंवा सवलती आहेत, हे कृपया सांगावे. वर्गणी काढण्याचा विषय नको.

महूकर_सुभेदार
मामासाहेब, एवढा विचार करण्याचे कारणच नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा अर्ज भरून टाका. मुलींना दरमहा 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. माझ्या मुलीने याच पैशांवर संपूर्ण बीटेक केले आणि आज ती बंगळुरूला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन माझे नाव सांगा.

लेखा_निवृत्त
सुभेदारसाहेब, आपल्या मुलीचे अभिनंदन. परंतु ती योजना केंद्रीय सैनिक मंडळामार्फत माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे. तिची दुसरी शाखा केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्ससाठी आहे, आणि 2019 पासून दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात मरण पावलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांनाही ती लागू झाली. आयबीचा स्वतःच्या भरतीतला कर्मचारी हा गृह मंत्रालयाखालील नागरी कर्मचारी असल्यामुळे तो यांपैकी कोणत्याही रांगेत बसत नाही. मात्र आयबीत सशस्त्र दलांतून आणि राज्य पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर आलेले अनेक जण असतात. आपले मेहुणे तसे आले असतील, तर मूळ दलाकडे चौकशी अवश्य करावी.

शिष्यवृत्तीच्या आधी, जे हक्काचे आहे ते पूर्ण मिळाले का, हे पाहावे. ताईंचा पीपीओ (निवृत्तिवेतन अदायगी आदेश) काढून कुटुंब निवृत्तिवेतन कोणत्या नियमाखाली मंजूर झाले आहे, तेवढी ओळ वाचा. साध्या कुटुंब निवृत्तिवेतनात सुरुवातीची दहा वर्षे शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के आणि त्यानंतर 30 टक्के मिळतात. कर्तव्यावरील अपघात हा असाधारण निवृत्तिवेतन नियमांतील ‘क’ वर्गात, म्हणजे इंग्रजी ‘सी’ मध्ये येतो आणि त्यात दर 60 टक्के आहे. कार्यालयाने घाईत साधेच मंजूर करून टाकले, अशी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेलेली आहेत. याशिवाय 4 ऑगस्ट 2016 च्या आदेशानुसार कर्तव्यावरील अपघाती मृत्यूसाठी 25 लाख रुपये सानुग्रह अनुदान आहे. ते मिळाले आहे का?

सराफ्यातला
ऐंशी हजारांत आजकाल काय होते? शिक्षणाच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये. आमच्या चिरंजीवांना पुण्यात खाजगी महाविद्यालयात घातले, वर्षाला चार लाख शुल्क आणि वसतिगृह वेगळे, पण पहिल्याच वर्षी मुलगा बोलायला लागला. मुलीला बाहेर पाठवा, इंदुरात राहून जग कळत नाही.

आयईटी_माजी
प्रश्न इंदुरात राहण्याचा आणि ऐंशी हजारांचा आहे, हे सराफ्यातल्यांनी पुन्हा वाचावे. मध्य प्रदेशाची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना येथे उपयोगी पडेल. सीबीएसई बारावीत 85 टक्के हवेत (राज्य मंडळात 70), आणि अभियांत्रिकीसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक हवा. पात्र ठरल्यास शासकीय महाविद्यालयाचे शुल्क राज्य भरते, त्यामुळे एसजीएसआयटीएस किंवा आमचे आयईटी, ही इंदुरातलीच अभियांत्रिकी महाविद्यालये, घरबसल्या होतील. उत्पन्नाची अट असते, म्हणून दाखला काढताना कुटुंब निवृत्तिवेतन आणि ताईंचा पगार दोन्ही धरावेत. सिमरोलच्या आयआयटीत क्रमांक लागलाच, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास शिकवणी शुल्कात दोन तृतीयांश सवलत मिळते.

ग्वाल्हेरची_मावशी
कोणीच सांगितले नाही म्हणून मी सांगते. माझे यजमानही केंद्र सरकारच्या सेवेत असतानाच गेले. मुलांचा शिक्षण भत्ता त्यानंतरही चालू राहतो, ही गोष्ट आम्हांला कार्यालयातील एकाही माणसाने सांगितली नव्हती, एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांकडून ती कळली. अर्ज केला, तर शाळेच्या प्रमाणपत्रावर शैक्षणिक वर्ष लिहिलेले नाही म्हणून परत आला. पुन्हा दिला, तर संबंधित लिपिक रजेवर. असो. दुसरे असे की ताईंनी अनुकंपा नियुक्तीचा अर्ज आजच्या आज द्यावा. सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी.

लेखा_निवृत्त
मावशींनी फार मोलाची गोष्ट सांगितली आणि तीच या प्रकरणात सर्वांत जवळची आहे. सेवेत असताना मृत्यू झाल्यास, कर्मचाऱ्याला तो भत्ता जोपर्यंत मिळाला असता तोपर्यंत मुलांना मिळत राहतो, आणि तो शेवटच्या नेमणुकीचे कार्यालयच देते. अट अशी की हयात जोडीदार केंद्र, राज्य, महापालिका किंवा सरकारी अनुदानावरील संस्थेच्या नोकरीत नसावा. ताईंची शाळा विनाअनुदानित आहे, हे येथे पथ्यावर पडते. 1 जानेवारी 2024 पासून दर प्रत्येक मुलामागे दरमहा 2,812 रुपये 50 पैसे आहे. मागणी वर्षातून एकदा, वर्ष संपल्यावर करायची असते. भत्ता बारावीपर्यंतचा असल्यामुळे भाचीचे हे शेवटचे वर्ष हातचे जाऊ देऊ नका.

महूकर_सुभेदार
हे सगळे कागद ठीक आहेत, पण मान कोठे आहे? दर 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन होतो, तो 1959 मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी गोळीबारात मारल्या गेलेल्या दहा जवानांसाठी. त्या तुकडीचे नेतृत्व करमसिंग करीत होते आणि ते आयबीचे अधिकारी होते, हे किती लोकांना ठाऊक आहे? अमेरिकेत सीआयएच्या मृत अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी 2001 पासून एक स्वतंत्र प्रतिष्ठान आहे. आपल्याकडे तसे का असू नये?

सराफ्यातला
असावे की. पण तोवर मुलीला पुण्याला पाठवा.

आयईटी_माजी
सुभेदारसाहेबांचा प्रश्न रास्त आहे, तथापि मुलीचा प्रवेश यंदाच आहे. एक व्यावहारिक सूचना करतो. अर्जांत वडिलांच्या विभागापुढे ‘गृह मंत्रालय, भारत सरकार’ एवढेच लिहावे. ते खरेही आहे आणि महाविद्यालयाच्या खिडकीवर पुढचे प्रश्नही उद्भवत नाहीत.

भाचीचा_मामा
सर्वांचे मनापासून आभार. पीपीओ काढून पाहिला. कुटुंब निवृत्तिवेतन साध्या नियमाखालीच मंजूर झालेले आहे, म्हणून वर्ग बदलण्यासाठी अर्ज तयार करीत आहोत. सानुग्रह अनुदान मिळालेले आहे. ताईने ती रक्कम भाच्याच्या नावे ठेवली असून तिला हात लावायचा नाही, असे तिने ठरवले आहे. शिक्षण भत्त्याची माहिती आम्हांला नव्हती. दोन्ही मुलांसाठी मागणी करू.

बाकी निर्णय मात्र आपणा सर्वांच्या विरुद्ध झाले आहेत. अनुकंपा नियुक्ती ताईला नको आहे. भोपाळला किंवा आणखी कोठे नेमणूक झाल्यास घर कोण पाहणार, असे तिचे म्हणणे आहे आणि शिकवणे तिला आवडते. भाचीला अभियांत्रिकी करायचीच नाही. होळकर विज्ञान महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी करायचे तिने ठरवले आहे. तेथे शुल्काचा प्रश्नच येणार नाही.

लेखा_निवृत्त
नियुक्ती नाकारण्याची घाई करू नका. अर्जाला मुदत नसली तरी उशीर झाला की ‘एवढे दिवस निभावलेच ना’ असा शेरा पडतो, शिवाय थेट भरतीच्या जागांपैकी पाच टक्केच जागा त्यासाठी असतात. आणि मेधावी योजना शासकीय महाविद्यालयातील बीएस्सीलाही लागू आहे, तेव्हा टक्केवारी बसल्यास तो अर्ज सोडू नका. रक्कम लहान असली म्हणून काय झाले?

ग्वाल्हेरची_मावशी
पाहा, मी म्हटलेच होते, नोकरीचा अर्ज द्या म्हणून. बरे, त्या भत्त्यासाठी दोन्ही मुलांचे प्रमाणपत्र एकाच कागदावर चालते का?

लेखा_निवृत्त
नाही. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे, आणि त्यावर संपूर्ण शैक्षणिक वर्षाचा स्पष्ट उल्लेख.