‘बुलिश’साठी सरसकट ‘तेजी’ लिहावे काय?

गोदाकाठ (नाशिक): शेअर बाजारावरील इंग्रजी अहवाल मी मराठीत आणतो आणि ‘बुलिश’साठी (म्हणजे भाव वाढतील असे मानणाऱ्यासाठी) आजवर सगळीकडे ‘तेजी’ लिहीत आलो आहे. परंतु घसरत चाललेल्या एखाद्या बँकेच्या शेअरबाबत विश्लेषक ‘बुलिश’ असतील, तर ‘शेअरमध्ये तेजी आहे’ हे वाक्य वाचकाची दिशाभूल करील. अशा वेळी काय लिहावे?

जुना सटोडिया: शंका रास्त आहे. तेजी ही बाजाराची स्थिती आहे आणि ‘बुलिश’ हे बहुधा माणसाचे मत असते. भाव पडत असतानाही ते पुढे चढतील असे मानून खरेदी करणारा तो तेजीवाला. दलालांच्या बोलण्यात ‘त्याने तेजी केली’ याचाही अर्थ वाढीच्या अपेक्षेने सौदा धरला, इतकाच असतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २६,००० च्या खाली बंद झाला, त्या दिवशी शेअर उचलणारे भर मंदीतले तेजीवाले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोच निर्देशांक ५०,००० च्या वर बंद झाला. तुमच्या वाक्यात ‘भाव वाढेल, असा विश्लेषकांचा होरा आहे’ असे सरळ लिहावे. ‘आशावादी’ मात्र नको, त्याने स्वभाव कळतो, अंदाज कळत नाही.

निफाडकर: आमच्याकडे लासलगावच्या लिलावानंतर ‘आज कांदा तेजीत आहे’ म्हणतात, ते केवळ त्या दिवसाच्या भावाबद्दल. उन्हाळ कांदा चाळीत साठवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र मी तेजीवाला म्हणणार नाही, कारण काढणीच्या वेळी आवक एकदम वाढून भाव पडतात, म्हणून तो सड आणि वजनातील घट सोसून थांबतो. भाववाढीवर नजर ठेवून दुसऱ्याचा माल विकत घेऊन ठेवणारा व्यापारी खरा तेजीवाला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी लादली आणि भाव कोसळले, तेव्हा चढ्या भावाने माल उचललेल्यांच्या ती तेजी अंगलट आली.

गोदाकाठ: आभारी आहे. ‘तेजीचा कल’ चालेल काय?

जुना सटोडिया: निर्देशांकासाठी चालेल, व्यक्तीसाठी नाही. शिवाय एका दिवसाच्या वाढीला ‘उसळी’ म्हणावे. ‘बुल मार्केट’साठी नीचांकापासून २० टक्के वाढ हा रूढ ठोकताळा आहे, तेव्हा ‘तेजीचा बाजार’ हा प्रयोग तशा टिकाऊ चढासाठीच राखून ठेवावा.